चित्रांच्या पुढची कांजी

जपानी शिकणाऱ्या मुलांना कांजीची धास्ती असते. मग कुणीतरी चित्रं दाखवतं. एक झाड म्हणजे 'की'. दोन झाडं म्हणजे राई, 'हायाशी'. तीन झाडं म्हणजे दाट रान, 'मोरी'. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. किती सोप्पं!

या युक्तीला माझा विरोध नाही. पण तिच्यावरच विसंबू नये, असं माझं मत आहे. जपानमध्ये रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी २१३६. त्यांतल्या थोड्याच मुळात चित्रं आहेत. बहुतेकींचा एक भाग अर्थ सुचवतो, दुसरा उच्चार. 'निळा' या कांजीचा एक उच्चार 'सेई'. तिला पाण्याची खूण जोडली की स्वच्छ, सूर्याची जोडली की निरभ्र, बोलण्याची जोडली की विनंती. आणि तिन्हींना 'सेई' हा उच्चार आहेच! हा धागा चित्रांत सापडत नाही.

चित्रांच्या गोष्टी वाढत गेल्या की एकमेकींत मिसळतात. मग कांजी ओळखीची वाटते, पण वाचता येत नाही. इथेच कंटाळून जपानी सोडणारे मी वर्गात पाहिलेत. म्हणून मित्रांनो, चित्राचं बोट धरा, पण लवकरच सोडा. पहिल्या महिन्यापासून कांजी शब्दांत वाचा, मोठ्याने वाचा. भाषा डोळ्यांइतकीच कानांचीही असते.