कॅम्बरचा रकाना आरसीत नाही

बल्लारपूर, वडसा आणि आलापल्ली इथल्या गॅरेजवाल्यांची या महिन्यातली पत्रे एकाच तक्रारीची आहेत. ट्रॅकवर चालवण्यासाठी पुढच्या चाकांचा कॅम्बर मुद्दाम वाढवून घेतलेल्या गाडीला वाटेतल्या तपासणीत ‘मॉडिफाइड’ ठरवले गेले आणि पुरावा म्हणून गॅरेजच्या बिलावरची ‘कॅम्बर सेट’ ही ओळच पुढे करण्यात आली. तेव्हापासून काही जण बिलावर नुसते ‘अलाइनमेंट’ लिहून मोकळे होत आहेत. केलेले काम लपवण्याची ही सवय धंद्याला घातक आहे.

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 इतकेच सांगते, की मालकाने वाहनात असा बदल करू नये ज्यामुळे आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. इंजिन, चासी, इंधन, आसने हे सगळे आरसीत आहे. कॅम्बर, कॅस्टर, टो यांतल्या एकाचाही रकाना तिथे नाही. पोर्शच्या 911 जीटी3 ला तर पुढचे लोअर आर्म कारखान्यातूनच दोन तुकड्यांचे येतात; मधल्या शिमा वाढवून कॅम्बर वाढवता यावा, हाच त्यामागचा हेतू. उत्पादकाने दिलेली सोय वापरली म्हणून उत्पादकाचा तपशील मोडला, असे कोणत्या नियमाने म्हणता येईल? कापलेल्या स्प्रिंगा आणि वेल्डिंग केलेला नकल यांची बाजू मात्र हे मासिक घेणार नाही.

सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी आष्टी-आलापल्ली रस्त्याची काय दशा केली, हे वाचकांना सांगायला नको. तिथल्या एका खोल खड्ड्यात लोअर आर्म वाकला की एका बाजूचा कॅम्बर सरकतो, गाडी ओढू लागते, टायर एका कडेने खाते. अशा गाडीला कोणी अडवत नाही. दोन्ही बाजू मोजून, सारख्या करून, नट टॉर्कने घट्ट करून दिलेल्या गाडीला अडवले जाते.

पण अडवणाऱ्यापुढे ठेवायला आपल्याकडे तरी काय असते? मशीनवरचे हिरवे चौकोन. हिरवा रंग म्हणजे कंपनीच्या रुंद मर्यादेत आकडा बसला, एवढेच. ट्रॅकच्या गाडीला तो पुरत नाही. ड्रायव्हरच्या वजनाइतकी पोती सीटवर ठेवल्याशिवाय घेतलेले आकडे खोटे असतात. हवेचा दाब आणि उंची आधी, मग कॅस्टर, मग कॅम्बर, टो सर्वांत शेवटी; मागची चाके पुढच्यांच्या आधी. कॅम्बर हलला की टो हलतोच, तरीही टो आधी बांधून कॅम्बरला हात घालणारे फिटर आजही आहेत. स्विफ्टच्या स्ट्रट आणि नकलच्या जोडावर एक्सेंट्रिक बोल्ट चालतो. पोलोचा तो जोड निराळा, तिथे वरची कॅम्बर प्लेट लागते. दोन्हींचा मागचा अ‍ॅक्सल ट्विस्ट बीम आहे, त्याला शिमेशिवाय काही करता येत नाही, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

आणि जास्त म्हणजे चांगले, हा समज सोडावा. 2011 साली स्पा इथे रेड बुलने पिरेलीने सुचवलेल्या मर्यादेपलीकडे कॅम्बर दिला आणि पुढच्या टायरांना आतल्या कडेने फोड आले. हे जगातल्या पहिल्या दर्जाच्या इंजिनिअरांच्या हातून घडले. आपण तर पायरोमीटरने टायरचे तापमान आत, मध्ये, बाहेर असे तीन ठिकाणी मोजतही नाही.

चंद्रपुराहून चेन्नईचा ट्रॅक सुमारे हजार किलोमीटर. गाडी ट्रेलरवर न नेता चालवत नेली आणि पुढे टो-आउट बांधून दिला, तर टायर ट्रॅकवर पोहोचण्याआधीच निम्मे संपतात. उणे अडीच अंशांचा कॅम्बर एवढा प्रवास सोसतो, चुकीचा टो सोसत नाही. म्हणून टो रस्त्याचाच ठेवावा, टाय रॉडवर रंगाची खूण करावी आणि ट्रॅकवर किती आटे फिरवायचे ते कागदावर लिहून द्यावे.

तेव्हा मित्रांनो, लपवू नका, लिहा. चारही चाकांचे आधीचे आणि नंतरचे आकडे, सीटवरचे वजन, हवेचा दाब, वापरलेला भाग, मशीनच्या शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख आणि खाली फिटरची सही. ज्यांच्या मशीनचे कॅलिब्रेशन दोन-दोन वर्षे झालेले नाही त्यांनी आधी ते करून घ्यावे. त्यांच्या कागदावर कोणी विश्वास ठेवणार नाही, ठेवूही नये. अशा शीटच्या प्रती आणि तपासणीत मिळालेल्या चलनाच्या प्रती पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत मासिकाकडे पाठवा. त्या जोडून परिवहन आयुक्तांना एकच लेखी प्रश्न विचारला जाईल: आरसीत नसलेला आकडा बदलल्याबद्दल चलन कोणत्या कलमाखाली?