दुसरे सॉकेट

आपल्याकडे पत्रवाङ्मयाचा विचार पुष्कळ झाला आहे. जी. ए. कुलकर्णी यांच्या पत्रांचे खंड निघाले, सुनीता देशपांडे यांचे ‘प्रिय जी.ए.’ आवडीने वाचले गेले, आणि पत्रातला ‘मी’ नेमका कोणाशी बोलतो याची चर्चा वर्गांतून दर वर्षी होत असते. दूरध्वनीवरच्या बोलण्याच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. ते बोलणे हवेत विरले, हे खरेच. परंतु ज्या जागी ते बोलले गेले ती जागा आणि ज्या तारेतून ते गेले ती तार, यांचा विचार करायला काहीच हरकत नव्हती. घरात कोणाला एकट्याने बोलता येईल आणि कोणाला नाही, हे पुष्कळदा त्या तारेने ठरवले आहे.

१९९५ साली येरवड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात फोन आला. त्याआधी काही वर्षे आमचा ‘पी.पी.’ नंबर होता, म्हणजे शेजाऱ्यांचा. १९९४च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७पर्यंत ‘मागेल त्याला फोन’ देण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. आम्ही मागून बसलेल्यांपैकी होतो. फोन बाहेरच्या खोलीत, विणलेल्या रुमालाखाली स्थानापन्न झाला. त्यावर बोलणे म्हणजे घरातल्या सर्वांसमोर बोलणे. वर्षभराने, ताईची महाविद्यालयातली कामे वाढली म्हणून, आतल्या खोलीत दुसरे सॉकेट बसवायचे ठरले. ओळखीच्या वायरमनने भिंतीच्या कडेने तार ओढली, आणि जुन्या बाजारातून आणलेले चकतीचे काळे यंत्र ताईच्या टेबलावर आले. ताईला एकांत मिळाला, असे आम्ही सर्वांनी मानले.

ही जोडणी ‘पॅरलल’ होती. एक्स्चेंजमधून येणारी दोन तारांची एकच जोडी दोन्ही यंत्रांना समांतर जोडलेली. यामुळे घंटी दोन्हीकडे वाजते, ही सोय. पण आतल्या यंत्राची चकती फिरवली की बाहेरचे यंत्र बारीक किणकिणते, आणि बैठकीतल्या प्रत्येकाला कळते की आत कोणीतरी नंबर फिरवत आहे. दोन्हीकडचे रिसीव्हर उचलले की तारेतला प्रवाह विभागला जातो आणि आवाज किंचित मंदावतो. उचलताना एक ‘टक्’ ऐकू येते. दुतर्फी खटका बसवून एका वेळी एकच यंत्र तारेला जोडता आले असते; मात्र मग घंटीही एकाच ठिकाणी वाजली असती. ताईला काय हवे आहे हे कोणी विचारले नाही. तिच्या एकांतापेक्षा घंटी मोलाची ठरली, आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

त्या वयात मी बाहेरचा रिसीव्हर उचलून ताईचे बोलणे ऐकत असे. एकदा नव्हे, अनेकदा. पुष्कळ वर्षांनी मी तिच्याजवळ हे कबूल केले, तेव्हा ती म्हणाली, “अरे, मला माहीत होतं. प्रत्येक वेळी ‘टक्’ वाजायचं.” मग मला तिची ती वाक्ये आठवली: “हो”, “नाही गं”, “बघू”, “उद्या भेटल्यावर सांगते”. जे मी चोरून ऐकले असे मला वाटत होते, ते माझ्यासाठीच रचलेले होते. तिचे खरे बोलणे मी कधी ऐकलेच नाही. तिला ते त्या तारेवर कधी बोलताही आले नाही, आणि ही हानी माझ्यापेक्षा तिची अधिक होती.

येरवड्याला हा अनुभव नवा नाही. १९३०मध्ये इथल्या तुरुंगातून गांधीजी दर आठवड्याला साबरमतीच्या आश्रमाला व्रतांविषयी पत्रे लिहीत. स्वदेशीवर मात्र त्यांनी तुरुंगातून लिहायचे टाळले. राजकारणाच्या निषिद्ध प्रांतात शिरल्याखेरीज त्या विषयाला न्याय देता येणार नाही, असे त्यांना वाटले. कारागृहाच्या नजरेखालून जाणारे पत्र काय सांगते, याइतकेच ते काय सांगत नाही हेही वाचावे लागते. आमच्या घराची तुलना तुरुंगाशी करण्याचा हेतू नाही. तिऱ्हाइताची जाणीव भाषेचे काय करते, एवढेच दाखवायचे आहे.

आमच्याकडे दुसरे सॉकेट बसले त्याच वर्षी, १८ डिसेंबर १९९६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ‘पीयूसीएल’च्या खटल्यात निर्णय दिला की घरातून किंवा कचेरीतून केलेले दूरध्वनीवरचे संभाषण खाजगीपणाच्या अधिकारात मोडते. सरकारला फोन चोरून ऐकायचा तर वरिष्ठ अधिकाऱ्याचा लेखी आदेश हवा, आणि त्याची फेरतपासणी समितीने करायला हवी. घरातल्या कोणाला बहिणीचे बोलणे ऐकण्यासाठी फक्त हात पुढे करावा लागे.

म्हणून साहित्याच्या अभ्यासकांना एक सुचवावेसे वाटते. ज्याँ कॉक्तो यांच्या १९३०च्या ‘मानवी आवाज’ या एकपात्री नाटकात एक स्त्री दुरावलेल्या प्रियकराशी फोनवर बोलत राहते आणि मध्येच परके लोक त्या तारेवर येतात. तिथे व्यत्यय परक्यांचा आहे. आपल्या घरांत तो आपल्यांचा होता, आणि म्हणून अदृश्य राहिला. मराठी कथेत वा नाटकात फोन वाजला की पुढे काय बोलले गेले तेवढेच आपण तपासतो. यंत्र कोणत्या खोलीत आहे, दुसरे यंत्र आहे का, आणि त्याच्याशी कोण बसले आहे, हेही विचारावे. तुटक संवादाला आपण सहज ‘संयत’ म्हणून मोकळे होतो. तो संयम शैलीचा आहे की धास्तीचा, हे त्याशिवाय कळणार नाही.

आज प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र फोन आहे. तरीही मुलीच्या फोनचा पासवर्ड घरात सर्वांना ठाऊक असावा, अशी अपेक्षा अनेक सुशिक्षित घरांत केली जाते, आणि तीही काळजीच्या भाषेत. आमच्या भिंतीवरचे ते दुसरे सॉकेट अजून आहे. त्याच्यावरून रंगाचे दोन हात फिरले आहेत, पण त्याचा चौकोनी उंचवटा काही लपलेला नाही.