अभ्यासाबाहेरच्या तासाची किंमत

शालान्त परीक्षा जवळ आली म्हणजे वेळापत्रकावर पहिली कुऱ्हाड कोठे पडते, हे कोणाही शिक्षकास विचारावे. चित्रकलेचा तास गणितास जातो, कवायतीचा तास विज्ञानास जातो, बागेतील कुदळ कोठीत पडून राहते, आणि वक्तृत्वसभा ‘पुढील वर्षी पाहू’ एवढ्या शब्दांत निकालात निघते. पालकांची याबद्दल तक्रार नसते. उलट तास वाचला म्हणून त्यांस समाधान वाटते. त्यांचा प्रश्न एकच असतो : “गुरुजी, ह्याला गुण किती?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वळसंगसारख्या गावी ज्या बापाने ज्वारीच्या एका पिकावर वर्ष काढावयाचे आणि त्यातूनच मुलांची वह्यापुस्तके भागवावयाची, त्याने प्रत्येक तासाचा हिशेब मागावा हे रास्तच आहे. तो हिशेब देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

याकरिता प्रथम आपल्याच महाराष्ट्रातील एका संस्थेकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, पौड गावापासून जवळच एका डोंगरावर १९९७ साली एक विद्यालय सुरू झाले. महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज हे त्याचे नाव. सेनापती बापट यांच्या सत्याग्रहाने ज्या मुळशीचे नाव सर्व मराठी मुलखात पोहोचविले, तोच हा प्रदेश. इंग्लंडात शालेय शिक्षणाच्या शेवटच्या दोन वर्षांस ‘सिक्स्थ फॉर्म’ म्हणतात. आपल्याकडील अकरावी-बारावीच ती. त्या दोन वर्षांकरिता सोळा ते एकोणीस वयाची सुमारे दोनशे चाळीस मुले-मुली अनेक देशांतून येथे येऊन राहतात. ज्या घरसमूहांत ती राहतात त्यांस तेथे ‘वाडा’ असेच म्हणतात. एका वाड्यात आफ्रिकेतील मुलगा, युरोपातील मुलगा व आपल्याकडील मुलगा शेजारी शेजारी निजतात, एका पंक्तीस जेवतात आणि अर्थातच एकमेकांशी भांडतातही. निरनिराळ्या राष्ट्रांच्या मुलांनी परस्परांची सवय करून घ्यावी, हाच तेथील पहिला पाठ होय.

तेथील अभ्यासक्रम ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ या नावाने ओळखला जातो. १९६८ साली जिनिव्हा येथे स्थापन झालेली संस्था तो चालविते. विद्यार्थ्याने सहा विषय घ्यावयाचे, स्वतः निवडलेल्या एका प्रश्नावर जास्तीत जास्त चार हजार शब्दांचा प्रबंध लिहावयाचा, आणि आपणांस जे ठाऊक आहे असे वाटते ते खरोखर कशावरून ठाऊक आहे, याचाही स्वतंत्र अभ्यास करावयाचा. परंतु आपल्या प्रश्नाशी ज्याचा संबंध आहे तो भाग याहून निराळा आहे. नवनिर्मिती, शारीरिक उद्योग व सेवा अशा तीन अंगांची कामे प्रत्येकाने निदान अठरा महिने नियमाने करावयाची असतात. मुळशीच्या विद्यालयाने या तीन धारांस ‘त्रिवेणी’ असे सुंदर नाव दिले आहे. कोणी नाटक बसवितो, कोणी डोंगर चढतो, कोणी आसपासच्या गावी जाऊन काम करितो. आणि केलेल्या कामापासून आपण काय शिकलो ते प्रत्येकास लिहून ठेवावे लागते.

आता पालकांचा प्रश्न येथे घालून पाहावा. ह्याला गुण किती? उत्तर असे की, एकही नाही. तथापि हे काम पुरे केल्यावाचून पदविकाही मिळत नाही, मग सहाही विषयांत विद्यार्थी कितीही चमकला असो! या नियमात मोठे शहाणपण साठविलेले आहे असे आम्हांस वाटते. गुण ठेवले असते तर मुलांनी सेवेचीही घोकंपट्टी केली असती. सक्ती मुळीच ठेवली नसती तर परीक्षेने तो तास गिळून टाकिला असता. भाकरीत मीठ किती टक्के असते हे कोणी विचारीत नाही, पण मिठावाचून भाकरी कोणी खात नाही. त्यातलाच हा प्रकार.

ही कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते कुर्ट हान हे जर्मन शिक्षक. त्यांचा जन्म १८८६ साली बर्लिन येथे एका यहुदी कुटुंबात झाला. १९२० साली त्यांनी सालेम येथे शाळा काढण्यात पुढाकार घेतला. १९३२ साली हिटलरने आपल्या खुनी अनुयायांची बाजू उचलून धरली, तेव्हा हान यांनी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांस स्पष्ट लिहून कळविले की, त्यांनी सालेम किंवा हिटलर यांपैकी एकाची निवड करावी. परिणामी पुढील वर्षी त्यांस तुरुंग पाहावा लागला व मायदेश सोडावा लागला. स्कॉटलंडात १९३४ साली त्यांनी गॉर्डनस्टन ही शाळा उभारली. आणि त्यांच्याच प्रेरणेने १९६२ साली वेल्सच्या समुद्रकिनाऱ्यावर अटलांटिक कॉलेज निघाले. युनायटेड वर्ल्ड कॉलेजांतील हे पहिले. शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत हान यांच्या शिक्षणविचाराच्या मुळाशी होता. वाटेवर जखमी होऊन पडलेल्या मनुष्यास ओलांडून दोन विद्वान पुढे जातात. थांबतो तो परका. जे शिक्षण मनुष्यास थांबावयास शिकवीत नाही ते अपुरे, असे त्यांचे सांगणे होते.

अटलांटिक कॉलेजातील मुलांनी हे सांगणे प्रत्यक्षात आणिले. त्या किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असे, व बुडणाऱ्यांस वाचविण्याचे काम विद्यार्थ्यांकडे असे. साध्या रबरी नावा लाटांपुढे टिकेनात, म्हणून १९६० च्या दशकात तेथील विद्यार्थ्यांनी आपले प्राचार्य डेस्मंड होर यांच्यासह नावेचा तळ टणक व कडा हवेने फुगविलेल्या अशी नवी रचना तयार केली. तिचे हक्क १९७३ साली अवघ्या एका पौंडास इंग्लंडच्या जीवरक्षक नौकासंस्थेस देण्यात आले. त्या जातीच्या नावा आज जगभर वापरात आहेत. अभ्यासाबाहेरच्या तासातून काय निघू शकते याचे यापेक्षा बोलके उदाहरण कोणते द्यावे?

येथे दोन आक्षेप घेतले जातील, व ते दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, हे सर्व श्रीमंतांचे कौतुक होय. मुळशीच्या विद्यालयात गरजू मुलांस शिष्यवृत्त्या मिळतात हे खरे. तथापि पूर्ण फी भरावयाची झाल्यास ती लाखांच्या घरात जाते, आणि आमच्या तालुक्यातील शेतकऱ्यास तो आकडा उच्चारणेही जड जाईल. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. दोन वर्षांकरिता आलेली मुले शेजारच्या गावी सेवेस जातात, आपल्या वहीत अनुभव लिहितात व निघून जातात. गाव मात्र जागच्या जागी राहतो. तेव्हा गाव हा त्यांचा शेजारी, की त्यांची प्रयोगशाळा? हा प्रश्न कोणा एका संस्थेपुरता नाही. एका दिवसापुरता झाडू हाती घेऊन छायाचित्र काढून घेणाऱ्या आपल्या शाळांसही तो लागू आहे. आमच्या मते याची कसोटी सोपी आहे. उद्या हे काम बंद पडले तर शाळेबाहेर कोणास त्याची उणीव भासेल काय? भासत असेल तर ती सेवा; नसेल तर तो केवळ देखावा.

पहिल्या आक्षेपास मात्र आपल्या स्वतःच्या इतिहासाने उत्तर देऊन ठेविले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढिले, तेव्हा निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहू, एकत्र रांधू व एकत्र जेवू लागली. त्या काळच्या महाराष्ट्रात एका जातीचे घर दुसऱ्या जातीस परराष्ट्राइतके दूर होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ते वसतिगृह किती ‘आंतरराष्ट्रीय’ होते हे कळून येईल. तेथे लाखांची फी नव्हती. मुले श्रम करून शिकत होती. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांकरिता हस्तलिखित दैनिक काढीत. त्यास लागले ते कागद, शाई आणि एका शिक्षकाची झोप. आणि आपल्या सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीन देशातील जखमी लोकांच्या शुश्रूषेस गेले, व १९४२ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांनी देह ठेविला. परक्याकरिता वाटेवर थांबणारा मनुष्य सोलापूरच्या मातीतही निपजतो, हे सांगण्यास आणखी पुरावा नको.

याहून जवळचा दाखला खुद्द वळसंगात आहे. सार्वजनिक पाणवठ्यावर ज्यांस मज्जाव होता त्या आपल्या गावच्या अस्पृश्य बांधवांनी स्वतःच्या श्रमाने विहीर खणिली, आणि १९३७ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. त्या खणणाऱ्यांस कोणी प्रमाणपत्र दिले नाही, कोणी त्यांच्या तासांची नोंद ठेविली नाही. परंतु वर सांगितलेली कसोटी त्या विहिरीस लावून पाहावी. एवढ्या वर्षांनंतरही ती उत्तीर्णच होते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कितीजणांस त्या विहिरीची हकीकत घरच्या वडील मंडळींकडून ऐकून नीट लिहून काढता येईल? हेच एका सत्राचे काम म्हणून नेमून द्यावे असे आम्ही सुचवितो.

तथापि एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. सर्व मुलांस एकच काम देणे हा न्याय नव्हे. जी मुलगी पहाटे उठून पाणी भरते, धाकट्या भावंडांस न्हाऊ घालते आणि मग शाळेत येते, तिच्या हाती शाळेनेही झाडूच द्यावा काय? श्रम व सेवा यांचे तिचे माप घरीच भरून वाहत असते. तिला हवा आहे तो नाटकातील प्रवेश, पेटीचा सूर, वादविवादात उभे राहून बोलण्याची संधी, किंवा केवळ मनासारखे पुस्तक घेऊन बसण्याचा निवांत तास. उलटपक्षी ज्या मुलाचे ताटही आई उचलते, त्याने वर्ग झाडावा व बागेस पाणी घालावे. ज्यास जे घरी मिळत नाही ते त्यास शाळेने द्यावे, हाच या तासाचा खरा अर्थ. याच कारणास्तव हा तास शाळा सुटल्यावर ठेवून चालणार नाही. तसे केल्यास दिवेलागणीपूर्वी घरी पोहोचावयाच्या मुली व एस.टी. गाठावयाची परगावची मुले नेमकी त्यास मुकतील.

आमची मागणी थोडकी आहे. आठवड्यातून दोन तास वेळापत्रकाच्या आत असावेत, आणि नववी-दहावीच्या वर्गांतही ते शाबूत राहावेत. त्यांस गुण नसावेत, पण सुटकाही नसावी. प्रत्येक विद्यार्थ्याने महिन्यास एक पान लिहावे : मी काय केले, काय जमले नाही, आणि कोणाच्या उपयोगी पडलो. परदेशची मुले आपल्या शाळेत येणार नाहीत. परंतु मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू बोलणारी घरे आमच्या या सरहद्दीच्या मुलखात एकमेकांस लागून आहेत. शेजारच्या बाकावरील मुलाच्या घरी कोणती गाणी म्हणतात, कोणते सण पाळितात, हे ज्या विद्यार्थ्यास ठाऊक नाही, त्याने जगाचा नकाशा पाठ केला तरी जग त्यास परकेच राहील. मुळशीस ज्याकरिता समुद्रापलीकडून मुले आणावी लागतात, ते आपल्या दाराशी विनामूल्य उभे आहे.

पालकवर्गास आमची नम्र विनंती एवढीच की, गुणपत्रिका पाहताना मुलास आणखी एक प्रश्न विचारावा : “या वर्षी तू कोणाच्या उपयोगी पडलास?” आणि शाळाचालकांस विनंती ही की, या प्रश्नाचे उत्तर देण्यास लागणारा वेळ परीक्षेच्या नावाने त्याच्यापासून काढून घेऊ नये. शालान्त परीक्षा एकदाच होते. वाटेवर पडलेला मनुष्य मात्र जन्मभर भेटत राहतो. त्या वेळी थांबावयाची सवय आधी लागलेली असली पाहिजे, आणि ती सवय लागण्याचे वय हेच आहे.