कॅपच्या समोरचा दात

दाताला कॅप बसवायचे ठरले की घरोघरी पहिला प्रश्न येतो तो टिकाऊपणाचा. किती वर्षे चालेल? वॉरंटी किती? झिर्कोनियाच्या कॅपबरोबर हल्ली दहा-पंधरा वर्षांच्या वॉरंटीचे कार्डही मिळते आणि ते पासबुकाशेजारी जपून ठेवले जाते. मी दंतवैद्य नव्हे. परंतु रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला येणारे ज्येष्ठ रुग्ण कॅपविषयीही विचारतात. तेव्हा त्या कार्डावर ज्याचा उल्लेख नसतो, अशा एका दाताविषयी मला बोलावे लागते. तो म्हणजे कॅपच्या समोरचा, प्रत्येक घासाला तिच्यावर घासणारा आपला स्वतःचा दात.

कॅपच्या टिकण्याची चिंता आता फारशी उरलेली नाही. धातूच्या सांगाड्यावर सिरॅमिकचा थर चढवलेल्या कॅप 1960 च्या दशकापासून रूढ आहेत. त्यांच्या वरच्या थराचा टवका उडतो, ही त्यांची जुनी तक्रार. अखंड झिर्कोनियाच्या कॅपला असा वेगळा थरच नसल्याने ती तक्रारही संपली. नीट बसवलेल्या कॅपपैकी शंभरातील नव्वदांहून अधिक पाच वर्षांनंतरही तोंडात शाबूत असतात. कॅप काढावी लागते ती पुष्कळदा तिच्या कडेशी, हिरडीलगत, आतल्या दाताला कीड लागल्यामुळे. कॅपला कीड लागत नाही म्हणून तेथे ब्रश फिरवायचे कारण नाही, हा समज म्हणूनच महागात पडतो.

आता समोरच्या दाताकडे वळू. दातावरील इनॅमल हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. झिर्कोनिया त्याहूनही सुमारे तिप्पट कठीण. मग ती समोरचा दात खाऊन टाकणार, असेच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात गुळगुळीत पॉलिश केलेली झिर्कोनियाची कॅप समोरच्या इनॅमलला जुन्या पोर्सेलिनच्या थरापेक्षा कमी झिजवते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. याचे मर्म पाटा-वरवंटा वापरलेल्या गृहिणींना सांगावे लागणार नाही. पाट्याचा दगड तोच असतो, परंतु टाकी लावलेली असेल तेव्हाच तो चटणी बारीक वाटतो. गुळगुळीत झाला की मिरची नुसती सरकते. दाताचेही तसेच आहे. झीज होते ती काठिण्यापेक्षा खरखरीतपणामुळे.

आणि हा खरखरीतपणा नेमका कॅप बसवतानाच निर्माण होऊ शकतो. ‘चावून पाहा, उंच लागते का?’ असे विचारून डॉक्टर कॅपचा उंचवटा यंत्राने किंचित घासतात. ते आवश्यकच असते. मात्र घासलेली जागा पुन्हा पॉलिश केली नाही, तर तोंडात टाकी लावलेला पाटाच बसवला जातो. प्रयोगशाळेतून आलेल्या चकाकीवरही विसंबू नये. ती अनेकदा ग्लेझचा पातळ लेप असते. चावण्याच्या जागी तो काही महिन्यांत निघून जातो आणि खालचा पृष्ठभाग उघडा पडतो. म्हणून ‘घासलेल्या जागी पॉलिश केलेत ना?’ असे विचारावे. त्यात डॉक्टरांचा अवमान नाही. चांगला दंतवैद्य त्या प्रश्नाने सुखावतोच.

ज्येष्ठांच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे, कारण त्यांच्यापाशी झिजण्याजोगे थोडेच उरलेले असते. दाढेचे इनॅमल चावण्याच्या जागी वर्षाला साधारण 30 मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, झिजतेच. दाढेच्या टोकावर ते मुळात दोन-अडीच मिलिमीटर जाड असते, त्यामुळे जन्मभर पुरते. परंतु जात्यावरच्या पिठातली खर आणि वर्षानुवर्षे लावलेली मिश्री यांनी त्यातले बरेच आधीच नेलेले असते. इनॅमल संपले की खालचे मऊ दंतिन झपाट्याने झिजते, आणि शरीर नवे इनॅमल तयार करू शकत नाही.

येथे माझ्या शाखेचाही संबंध येतो. लाळ हे दातांचे वंगण आहे. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या आणि वारंवार लघवी होण्यावरच्या काही औषधांनी तोंड कोरडे पडते. घशाशी येणाऱ्या आंबट पाण्याने इनॅमल मऊ होते. कॅप ठरवण्यापूर्वी आपल्या सर्व औषधांची यादी दंतवैद्याला दाखवावी. तोंड कोरडे पडते म्हणून एखादी गोळी मात्र परस्पर बंद करू नये. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर तेही सांगावे. रात्री लावण्याचा नाइट गार्ड अशा वेळी कॅप आणि समोरचा दात दोघांनाही वाचवतो. ही सवय रुग्णाला स्वतःला ठाऊक नसते. ती कळते शेजारी झोपणाऱ्याला.

ज्यांना विस्मरणामुळे दुखणे सांगता येत नाही, त्यांच्याबाबत काळजी घेणाऱ्यांनीच डोळे उघडे ठेवावेत. एकाच बाजूने चावणे, भाकरी दुधात कुस्करून मागणे, थंड पाण्याचा पेला अर्धवट ठेवणे ही ‘वयाची लक्षणे’ म्हणून सोडून देऊ नयेत. आठवड्यातून एकदा चांगल्या उजेडात तोंड पाहावे. समोरच्या दाढेवर पिवळसर खळगा दिसला किंवा कॅपची कड जिभेला लागत असेल, तर दंतवैद्याकडे न्यावे. तेथे जिभेवर वा गालाच्या आत जखम झाली असेल आणि ती दोन आठवड्यांत भरली नाही, तर कड घासून घेण्यावर न थांबता ती जखम अवश्य तपासून घ्यावी.