ग्रंथपाल घडवायचे, पण ग्रंथालय कोठे?

नागपूरच्या दक्षिण टोकाचे हुडकेश्वर काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायतीचे गाव होते. आज ते महापालिकेच्या हद्दीत आहे. शेतांचे लेआउट झाले, लेआउटांच्या वसाहती झाल्या. नागपुरातील अशा नव्या वस्त्यांत 'लायब्ररी' ही पाटी हल्ली ठिकठिकाणी दिसते. आत शिरल्यावर मात्र पुस्तक दृष्टीस पडत नाही. दिसतात ती लाकडी खुराडी, पंखा, वाय-फाय, आणि महिन्याचे भाडे मोजून स्पर्धा परीक्षेच्या तयारीला बसलेली मुले. या मुलांना बोल लावण्याचे कारण नाही. दोन खोल्यांत पाच माणसे नांदत असतील तर शांतताही विकतच घ्यावी लागणार. परंतु ग्रंथ नसलेल्या खोलीला ग्रंथालय म्हणण्याची पाळी ज्या समाजावर आली, तेथे ग्रंथपाल कसे घडवले जातात हा प्रश्न निव्वळ विद्यापीठीय राहत नाही.

ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण आता बऱ्याच अंशी पडद्यावर आले आहे. त्याची पूर्वतयारी जुनीच. 1985 मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि 1989 मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि पुढे दोन्हींनी या विषयाची पदवी घरबसल्या मिळवण्याची सोय केली. 2017 मध्ये केंद्र सरकारचा 'स्वयम्' हा मंच सुरू झाला. 2021 च्या नियमांनी अभ्यासक्रमाचे 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्या मंचावरून मिळवण्याची मुभा दिली. दरम्यान 2020 ची टाळेबंदी आली आणि शिक्षकांचे व्याख्यान यूट्यूबवर, टिपणे व्हॉट्सॲपवर, सराव प्रश्न टेलिग्रामवर अशी वाटणी होऊन गेली.

या बदलाला नाके मुरडणे हा सुखवस्तूंचा छंद आहे. अनुदानित वाचनालयात तुटपुंज्या मानधनावर राबणारा सेवक वर्षभर नोकरी सोडून विद्यापीठात बसू शकत नाही. लग्नानंतर शिक्षण तुटलेली स्त्री रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर मोबाइलवर पाठ ऐकते. जी दारे त्यांच्यासाठी कधीच उघडली नव्हती ती या मार्गाने किलकिली झाली, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

पुढचे बोलणे असे की, दार उघडून विद्यार्थ्याच्या हाती पडते काय? समाजमाध्यमांवर या विषयाचे जे काही सर्वाधिक खपते ते 'नेट' आणि 'सेट' परीक्षांचे चार पर्यायांचे प्रश्न होत. ड्युईने आपली दशांश वर्गीकरण पद्धती कोणत्या वर्षी प्रसिद्ध केली? 1876. रंगनाथनांचे पाच नियम कधीचे? 1931 चे. मराठी साहित्याचा वर्गांक? 891.46. उत्तर बरोबर, गुण मिळाला, पुढचा प्रश्न. पण इंग्रजी साहित्याला 820 हे ऐसपैस घर मिळावे आणि मराठीला 891 च्या मागे दशांशचिन्ह टाकून कोपऱ्यात बसवावे, हे का झाले, याची चर्चा त्या पर्यायांत मावत नाही. दलित आत्मकथने चरित्रांच्या फडताळात ठेवायची, साहित्यात की समाजशास्त्रात? येथे एक बरोबर उत्तर नसते. तेथे येणारे वाचक कोण आहेत हे पाहून ग्रंथपालाला निर्णय करावा लागतो आणि तो वाचकांसमोर निभवावाही लागतो. 'ते निळ्या पुठ्ठ्याचे, शेतीवरचे, मागे एकदा नेले होते' एवढ्या खुणेवरून पुस्तक शोधून देण्याची विद्या कोणत्याही चित्रफितीत नाही. दाखल नोंदवही लिहिणे, फाटलेली पाने जोडणे, कोणते पुस्तक बाद करावे यावर मनाशी भांडणे, ही हातांची आणि सहवासाची कामे आहेत.

महाजालाने या व्यवसायाला खरी देणगी दिली ती वेगळीच. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय न्यासाने 1999 मध्ये 'कोहा' ही संगणक प्रणाली तयार करवून घेतली आणि ती जगाला मुक्तपणे देऊन टाकली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थच भेट असा आहे. जगातले कोणतेही खेडे ती फुकट वापरू शकते. परंतु ती शिकायला संगणक असलेले, पुस्तके असलेले आणि शिकाऊ मुलीला टेबलाशी बसू देणारे ग्रंथालय हवे. हुडकेश्वरच्या विद्यार्थिनीने त्यासाठी सीताबर्डीपर्यंत बसने जावयाचे काय?

आणखी एक विसंगती येथेच नोंदवावयास हवी. कोणी काय वाचले हे चारचौघांत न सांगणे हा ग्रंथपालाचा धर्म. तो शिकवला जातो अशा मंचांवर, ज्यांचा सारा व्यापार कोण काय पाहतो या माहितीवर चालतो.

1911 मध्ये बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने, अमेरिकेहून आणलेल्या बॉर्डन यांच्या हाताखाली ग्रंथपालांचा वर्ग भरला, तेव्हा त्याच संस्थानात गावोगाव वाचनालये उघडली जात होती आणि पेट्यांतून पुस्तके फिरत होती. शिकणारा आणि शिकलेले वापरायची जागा, दोन्ही एकाच वेळी घडत होते. महाराष्ट्राने 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, पण 1948 च्या मद्रास कायद्यासारखा ग्रंथालय कर त्यात ठेवला नाही. गावोगावच्या ग्रंथालयांचा भार स्वयंसेवी संस्थांवर आणि अनुदानाच्या हप्त्यांवर राहिला. 2012 नंतर तर नव्या ग्रंथालयांना मान्यता देण्याचे काम कित्येक वर्षे थांबले. नेमक्या याच काळात शहरांच्या कडेला नव्या वस्त्या वाढल्या. ज्यांना पूर्वीचे वाचनालय वारशाने मिळालेले नाही, त्यांना नवे उभारूनही अनुदान नाही, अशी ही कोंडी झाली. शाळांतील ग्रंथपाल अर्धवेळ, महाविद्यालयांतील पदे रिक्त. आणि वर 'आता सारे मोबाइलवर मिळते' हा युक्तिवाद! मोबाइलवर सारे मिळते ही सबब पदे न भरण्यासाठी पुढे केली जाते, आणि त्याच मोबाइलवर त्या न भरलेल्या पदांसाठी हजारो तरुणांना पदव्या दिल्या जातात.

तेव्हा मागणी ऑनलाइन शिक्षण बंद करा अशी नाही. दूरशिक्षणातून ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला किमान दोन महिने जवळच्या अनुदानित ग्रंथालयात प्रत्यक्ष काम मिळावे, त्याचे विद्यावेतन विद्यापीठाने आणि शासनाने द्यावे, आणि त्या ग्रंथालयाला संगणकासाठी पैसा मिळावा. पाठ्यसामग्री मराठीत, सार्वजनिक मालकीच्या मंचावर, कोणालाही उतरवून घेता येईल अशी असावी. महापालिकेने हुडकेश्वर-नरसाळ्यासारख्या वस्त्यांत नुसत्या अभ्यासिका न बांधता पुस्तकांची कपाटे आणि पूर्णवेळ, पूर्ण वेतनाचा ग्रंथपाल असलेले वाचनालय द्यावे. नागपुरातील कार्यकर्त्यांनी येत्या अंदाजपत्रकापूर्वी आपापल्या प्रभागात घरोघर जाऊन विचारावे की सर्वांत जवळचे सार्वजनिक वाचनालय किती अंतरावर आहे आणि ते संध्याकाळी उघडे असते काय. त्या उत्तरांची यादी घेऊन आयुक्तांच्या दालनात जाता येईल.