एकटीच्या चुलीचा खर्च : मा. विभागीय आयुक्तांना निवेदन

प्रति,
मा. विभागीय आयुक्त,
पुणे विभाग, पुणे.

विषय : सातारा व सांगली जिल्ह्यांत एकट्या राहणाऱ्या स्त्रियांवर पडणारा जादा खर्च व त्यांना लागू असलेले योजनांचे निकष बदलण्याबाबत.

महोदय,

आम्ही सातारा व सांगली जिल्ह्यांतील विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित आणि अविवाहित स्त्रिया आहोत. आमच्यात शेतमजूर आहेत, शिलाईकाम करणाऱ्या आहेत, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आहेत. जोडप्यातल्या माणसापेक्षा एकटीला जगायला जास्त पैसे लागतात, आणि शासनाच्या निकषांत याची दखल कुठेच नाही. ती घ्यावी, एवढ्यासाठी हे निवेदन.

घरपट्टी घराच्या मापावर बसते. गावात पाणीपट्टी नळामागे आकारतात. घरात आठ माणसे असोत की एक, पावती तेवढीच. विजेच्या बिलात युनिट कमी पडले तरी स्थिर आकार मीटरमागे लागतोच. कुकर एक वाटीचा लावा की दोन वाट्यांचा, गॅस जवळपास तेवढाच जळतो. छप्पर गळले तर पत्रा अख्खाच घ्यावा लागतो. घरखर्चाची तुलना करताना युरोपात एक ठोकताळा वापरतात : पहिल्या प्रौढ माणसाचा खर्च एक धरला, तर दुसऱ्याचा अर्धाच धरायचा. म्हणजे जोडप्याला माणशी पाऊण रुपया लागतो तिथे एकटीला अख्खा रुपया लागतो. आमच्याकडे पैशाचा मोठा वाटा धान्या-किराण्यावर जातो, म्हणून हा फरक थोडा कमी भरेल, हे आम्हाला मान्य आहे. पण बाईची मजुरीही गड्याच्या मजुरीपेक्षा कमी असते, आणि आजारी पडले की तीही बंद. जोडप्यात एकाचा रोज बुडाला तर दुसऱ्याचा चालू राहतो. आमच्याकडे तो दुसरा रोजच नाही.

आता रेशन. अंत्योदय कार्डावर घरात माणसे किती हे न पाहता महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो. निराधार विधवा आणि कुणाचा आधार नसलेल्या एकट्या स्त्रिया अंत्योदयच्या निकषांत बसतात. तरी आमच्यातल्या बहुतेकींच्या हाती प्राधान्याचे कार्ड आहे आणि महिन्याच्या पिशवीत ५ किलो. चौकशीला गेले की ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर ठरलेले. मयत व स्थलांतरित कार्डधारकांची नावे कमी करून रिकामा होणारा इष्टांक आधी एकट्या स्त्रियांना द्यावा, ही आमची पहिली मागणी आहे. याला नवा कायदा लागत नाही. पुरवठा शाखेला आपले एक पत्र पुरेल.

संजय गांधी निराधार योजनेचा हिशेब आम्ही पुन्हा पुन्हा मांडून पाहिला, तो जुळत नाही. अनुदान ६०० चे १,००० झाले, २०२३ मध्ये १,५०० झाले. त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. उत्पन्नाची मर्यादा मात्र वर्षाला २१,००० रुपयांवरच राहिली. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. एखादीने हमीचे शंभर दिवस भरले तर तिचे २९,७०० होतात. एकाहत्तराव्या दिवशीच ती मर्यादेबाहेर जाते. म्हणजे शासनाचेच काम पुरते केले की शासनाचे अनुदान बंद. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये याच सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापुरात प्रथम राबवली. त्या जिल्ह्यातल्या बायकांना आता कामाचे दिवस मोजून थांबावे लागावे, हे बरे दिसत नाही. शिवाय माहेरी भावाच्या पडवीत वेगळी चूल मांडून राहणाऱ्या बहिणीला दाखला देताना भावाचे उत्पन्न धरले जाते. वेगळी चूल असेल तर उत्पन्न तिचे एकटीचे धरावे, आणि मर्यादा निदान शंभर दिवसांच्या मजुरीच्या वर न्यावी.

लाडकी बहीण योजनेत कुटुंबातल्या एकाच अविवाहित स्त्रीला लाभ आहे. आईवडिलांच्या पश्चात दोन अविवाहित बहिणी एकत्र राहत असतील, तर त्यांतली लाडकी कोणती हे त्यांनीच ठरवायचे! २०२५ मध्ये ई-केवायसीसाठी नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्यांना तो देता येत नव्हता त्यांच्यासाठी पुढे सवलत आली, पण तीही मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश असणाऱ्यांना. परित्यक्तेकडे यांतले काहीच नसते. नवरा जिवंत आहे, दुसरीकडे नांदतो आहे आणि कोर्टाची पायरी कुणीच चढलेले नाही. रेशनकार्डावरून नाव कमी केल्याचा दाखलाही त्याच्याच घरून आणायचा!

हा प्रश्न या दोन जिल्ह्यांत नवा नाही. वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर प्रतिसरकारच्या लढ्यातल्या. त्यांचे पती बाबूजी यांचा १९५२ मध्ये खून झाला. त्यानंतर त्यांनी एकटीने संसार उभा केला. पुढे त्या आणि त्यांच्या सून गेल ऑम्व्हेट यांनी स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीत सातारा-सांगलीतल्या परित्यक्तांचा प्रश्न लावून धरला. रेशनकार्ड स्वतःच्या नावावर हवे आणि घराला जागा हवी, असे तेव्हाच्या बायका सांगत होत्या. इंदुताई २०१७ मध्ये गेल्या, गेलताई २०२१ मध्ये. १९९४ च्या राज्य महिला धोरणालाही तीस वर्षे उलटली. मागण्या आम्ही त्याच घेऊन आलो आहोत. ग्रामसभेचा ठराव व तलाठ्याचा पंचनामा हा परित्यक्ता असल्याचा पुरेसा पुरावा धरावा. त्यावर रेशन, अनुदान आणि घरकुलाची जागा मिळावी. ‘घर दोघांचे’ म्हणून नमुना ८ वर नवरा-बायकोची नावे लागली, ते चांगलेच झाले. ज्या घरातून बाईलाच बाहेर काढले, तिथे त्या उताऱ्याचा तिला उपयोग काय, याचाही विचार व्हावा.

उसाच्या पट्ट्यात तर जोडीशिवाय कामच नाही. जत, आटपाडीकडून तोडीला जाणाऱ्या बाईला हे ठाऊक आहे. मुकादमाच्या वहीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायको. उचल दोघांची मिळून. गडी तोडतो, बाई पाचट काढून मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवते. नवरा गेला की तीच बाई अर्धा कोयता होते. अर्ध्या कोयत्याला मुकादम उचल देत नाही. दिली तर भाऊ नाहीतर कोवळा मुलगा जोडीला आण म्हणतो, आणि मुलाची शाळा सुटते. साखर आयुक्तालय पुण्यातच आहे. एकट्या स्त्रीची नोंद कारखान्याकडे आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळाकडे स्वतंत्र कामगार म्हणून व्हावी, यासाठी आपण त्यांच्याशी बोलावे.

घरपट्टी व पाणीपट्टीबाबत आमचे मागणे माफक आहे. ब्रिटनमध्ये घरात एकच प्रौढ राहत असेल तर स्थानिक करात २५ टक्के सूट मिळते. इतक्या लांब जायलाही नको. २०२० मध्ये आपल्या शासनानेच माजी सैनिक व सैनिकांच्या विधवांना घरपट्टीत माफी दिली, आणि सातारा हा तर सैनिकांचा जिल्हा. एकटीच्या नळाची पाणीपट्टी निम्मी करावी, असा प्रस्ताव दोन्ही जिल्हा परिषदांकडून मागवावा.

हे निवेदन बायकांचे असले तरी लग्न न जमलेले चाळिशी-पन्नाशीचे शेतकरी आणि विधुर आमच्याच गावांत राहतात. हरियाणाने २०२३ मध्ये ४५ ते ६० वयाच्या, कमी उत्पन्नाच्या अविवाहित स्त्री-पुरुषांना महिना २,७५० रुपये पेन्शन सुरू केली. आपल्याकडे तसे काही निघाले तर आमची हरकत नाही; फक्त आमच्या १,५०० तून कापून नको.

उत्पन्नाची मर्यादा वाढवणे आपल्या हातात नाही, हे आम्ही जाणतो. तो विषय आपल्या शिफारशीसह मंत्रालयात जावा. पण अंत्योदयचा इष्टांक, वेगळ्या चुलीचा दाखला, परित्यक्तांच्या नोंदीसाठी तालुकावार शिबिरे आणि दोन्ही जिल्ह्यांतील एकट्या स्त्रियांची गावनिहाय यादी ही कामे आपल्या आदेशाने होऊ शकतात. शिबिरे उसाचा हंगाम सुरू होण्याआधी घ्यावीत. नंतर जतची बाई गावात सापडणार नाही.

या निवेदनावर काय कार्यवाही झाली ते आम्हाला लेखी कळवावे, ही विनंती.

आपल्या विश्वासू,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील एकट्या राहणाऱ्या स्त्रिया
(सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत)

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, सातारा व सांगली, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सातारा व सांगली.