परवान्याच्या पायऱ्या कोणासाठी?

समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि मुंबई-नागपूर अंतर आठ तासांवर आल्याचा जयघोष राज्यकर्त्यांनी केला. मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा देणाऱ्या या ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर वाहन हाकण्यास पात्र कोण, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. कायद्याचे उत्तर सरळ आहे : ज्याच्या हाती काल परवाना पडला, तो आज पात्र.

१९८८ चा मोटार वाहन कायदा उघडून पाहावा. अवजड मालमोटार वा बस चालवून पोट भरू पाहणाऱ्या तरुणाला वयाची २० वर्षे पूर्ण करावी लागतात. हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर बाळगल्याखेरीज त्याला त्या वाहनाचा शिकाऊ परवानाही मिळत नाही. धनिकाच्या अठरा वर्षांच्या चिरंजीवाला अशी एकही पायरी नाही. शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवसांनी चाचणी, आणि त्याच रात्री वडिलांची भरधाव गाडी, चार मित्र व मोकळा महामार्ग! म्हणजे अधिकार टप्प्याटप्प्याने द्यावा, हे तत्त्व कायद्याला मान्य आहे. ते श्रमिकापुरतेच मान्य आहे, एवढेच.

न्यूझीलंडने १९८७ साली हे तत्त्व नव्या तरुण चालकांना लावले. प्रथम अनुभवी चालकाच्या देखरेखीखाली, नंतर एकट्याने, पण रात्रीच्या वेळेवर व सोबत्यांवर निर्बंध पाळून, आणि शेवटी पूर्ण परवाना. ब्रिटनमध्ये पहिल्या दोन वर्षांत सहा दंडगुण झाले की परवाना रद्द होतो. तेथे शिकाऊ मोटारचालकांना द्रुतगती मार्ग २०१८ पर्यंत बंद होता. आता तो खुला आहे, तोही मान्यताप्राप्त प्रशिक्षक शेजारी आणि गाडी दुहेरी नियंत्रणाची असेल तरच.

निर्बंध वाढले की परिवहन कार्यालयाच्या दारातील दलालांची चांदी होईल, हा आक्षेप खोटा नाही. रात्रपाळीच्या कामगाराची रोजी बुडेल, हा त्याहून गंभीर आहे; कामासाठीच्या प्रवासाला सूट देऊन त्याचे निराकरण करता येईल. परंतु दलालीवर सरकारने काढलेला उपाय विलक्षण आहे. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त खासगी केंद्रांतून शिकलेल्यांना सरकारी चाचणीतूनच मुक्त केले. शिकवणी विकणारा आणि उत्तीर्ण ठरवणारा एकच! ही दलालीचा अंत नव्हे, तिला दिलेली राजमान्यता होय.

एसटी महामंडळाकडे जिल्ह्याजिल्ह्यांत आगारे आहेत, अनुभवी चालक आहेत. पथकराच्या उत्पन्नातून तेथे सार्वजनिक प्रशिक्षण उभारावे, परीक्षा शासनानेच घ्यावी आणि द्रुतगती मार्गावरील सराव पूर्ण केल्याविना तेथे कोणासही एकट्याने जाऊ देऊ नये.

२०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. त्यांत दुचाकीस्वार आणि पादचारी मिळून निम्म्याहून अधिक होते. वेगाचे सुख एका वर्गाने भोगायचे आणि त्याची किंमत दुसऱ्याने प्राणांनी चुकवायची, या व्यवहाराला समृद्धी म्हणत नाहीत.